कलमांच्या बागेतलं रान आणि ग्रासकटर
पाऊस सरता सरता कोकणातल्या कलमांच्या बागेत कमरेएवढं रान माजतं. जांभ्याचे दगड आणि उतार, तिथे चाकांचं लॉनमोवर चालत नाही. खांद्याला अडकवायचा पेट्रोल ग्रासकटरच घ्या, तोही फोर-स्ट्रोक, ३५ सीसीच्या आसपासचा. टू-स्ट्रोक हलका खरा, पण पेट्रोलमध्ये दरवेळी ऑइल मोजून मिसळावं लागतं. एकदा विसरलं की पिस्टन जाम!

कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी, जाड रानाला पातं. दोरीसुद्धा कलमाची साल सोलते, म्हणून बुंध्याभोवतीचं हातभर गवत विळ्यानेच काढा.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्बुरेटर तुंबतो.

आणि घेण्याआधी सुटे भाग जवळपास मिळतात का, हे नक्की विचारा.