कोडमधल्या साच्यांचा माग

दुसऱ्याने लिहिलेला, त्यातही दहा-पंधरा वर्षं जुना कोड सांभाळायला आला की पहिले काही आठवडे नुसते वाचण्यात जातात. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, टिपणं असलीच तर जुनी. अशा वेळी ‘इथे ऑब्झर्व्हर वापरलाय’ एवढं कोणी सांगितलं, तरी शेकडो ओळींचा उलगडा होतो.

ऑब्झर्व्हर हा एक डिझाइन पॅटर्न, म्हणजे कोडच्या रचनेचा साचा. एका ऑब्जेक्टमध्ये बदल झाला की त्याच्याकडे नाव नोंदवलेल्या सगळ्यांना निरोप जातो. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी १९९४ साली असे २३ साचे पुस्तकात नावानिशी मांडले. पण प्रत्यक्ष कोडवर साच्याचं नाव लिहिलेलं असतंच असं नाही. मग संगणकाने तो ओळखायचा कसा?

ग्रीसमधल्या निकोलाओस त्सांतालिस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दिलेलं उत्तर मला फार आवडतं. कोणता क्लास कोणाचा वारस, कोण कोणाला हाताशी धरून आहे, या नात्यांचा त्यांनी आलेख केला. साच्याचाही तसाच आलेख. मग दोन्हींतल्या क्लासची तुलना करायची, ती शेजाऱ्यांवरून: ज्यांचे शेजारी एकमेकांसारखे, ते क्लासही एकमेकांसारखे. ही आकडेमोड पुन्हा पुन्हा केली की साम्याचे गुण स्थिरावतात. गंमत म्हणजे व्हिन्सेंट ब्लॉन्डेल यांच्या गटाने हेच माप आधी शब्दकोशातले समानार्थी शब्द शोधायला वापरलं होतं! तंतोतंत जुळणी शोधणारी पद्धत मधे एखादा जादा क्लास आला की अडते. इथे गुण थोडे कमी होतात, इतकंच.

तरीही साच्यांची एक जोडी या पद्धतीला वेगळी करता येत नाही. नकाशाचं ॲप ‘जवळचा रस्ता’ की ‘टोल नसलेला रस्ता’ हे आपल्याला निवडू देतं, ही स्ट्रॅटेजी. एटीएम कार्ड घातल्यावर पिन मागतं, पिन जुळल्यावर रक्कम विचारतं, ही स्टेट. दोन्हीकडे एक मुख्य क्लास, त्याच्या हाताशी एक अमूर्त क्लास आणि त्याचे अनेक वारस. आलेख सारखाच! म्हणून त्सांतालिस यांनीही या दोघांची नोंद एकत्रच केली.

फरक दिसतो तो प्रोग्रॅम चालताना. रस्त्याची पद्धत बाहेरून कोणी निवडली तरच बदलते. एटीएमची अवस्था मात्र बहुधा आतूनच पुढच्या अवस्थेकडे सरकते. त्यामुळे रचना वाचून झाल्यावर कोण कोणाला, केव्हा बदलतं यावरही पाळत ठेवावी लागते.