प्रागच्या घरातून जगाच्या बाजारात

मऊ कॉन्टॅक्ट लेन्सच्या व्यापाराचं मूळ एका खेळण्यात आहे. १९६१ च्या नाताळात प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यांनी मुलांच्या ‘मेर्कुर’ खेळाचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून, फिरत्या साच्यात घरीच लेन्स घडवल्या. चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीने पेटंटचे हक्क अमेरिकी कंपनीला विकले. पुढे ते ‘बॉश अँड लॉम्ब’कडे गेले. १९७१ मध्ये अमेरिकेत विक्रीला मंजुरी मिळाली आणि नफ्याचा ओघ तिकडेच वळला. विख्टर्ले यांच्या हाती त्यातला नगण्य वाटा आला, हा उघड अन्याय होता. आज आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड आणि लिमरिक, तसंच मलेशियातल्या जोहोरच्या कारखान्यांतून लेन्स देशोदेशी जातात. सीमाशुल्काच्या नोंदीत त्यांचा क्रमांक ९००१.३०. भारतात त्या वैद्यकीय उपकरणांत मोडतात, म्हणून आयातीला परवाना लागतो.