किल्ली आंत, आपण बाहेर



गेल्या श्रावणांतील गोष्ट सांगतों. सकाळीं सातच्या सुमारास दूध घ्यावयास मीं दार उघडलें व जिन्याच्या दिशेनें दोन पावलें टाकलीं. तोंच वाऱ्याचा झोत आला आणि मागें दार धाडकन् लागलें. किल्ली आंत खुंटीवर, फोन आंत टेबलावर, आणि मी पंचा नेसून बाहेर! एवढ्यावरच भागलें असतें तर हंसण्यावारी नेतां आलें असतें. पण घरांत माझा दोन वर्षांचा नातू एकटाच होता, आणि गॅसवर डाळ शिजत होती.

अशा वेळीं काय करावें हें सांगण्यापूर्वीं, असें घडतें तरी कां, तें पाहूं. माझें बालपण सदाशिव पेठेंतील एका वाड्यांत गेलें. तेथील दारांना आंतून कडी व अडसर, बाहेरून कोयंड्यांत अडकवावयाचें कुलूप. अडसर आंतला मनुष्यच घालणार. म्हणजे तो काढावयासही आंत कोणी तरी आहेच. बाहेरचें कुलूप मालक स्वतः लावणार. म्हणजे किल्ली सहसा हातांतच. त्या दाराला मालकाखेरीज स्वतःची इच्छा नव्हती.

आजच्या फ्लॅटच्या दाराला ती आहे. लॅचच्या जिभेची एक बाजू उतरती असते व तिच्यामागें स्प्रिंग असते. दार लोटलें कीं उतरती बाजू चौकटीच्या पट्टीवर घसरून जीभ मागें सरते, आणि पट्टीतील छिद्र समोर येतांच स्प्रिंगच्या जोरानें त्यांत शिरते. हें काम माणसानें केलें काय अन् वाऱ्यानें केलें काय, तिला सारखेंच. आंतून मूठ फिरविली कीं ती मागें येते. बाहेरून मात्र किल्लीच हवी. त्या किल्लीचें मर्म तिच्या दांत्यांत आहे. कुलपांतील प्रत्येक खिळा मध्यें दुभंगलेला असतो. योग्य दांते सगळ्या खिळ्यांचे सांधे एका रेषेंत आणतात, तेव्हांच आंतील नळी फिरते. लांकडी खिळ्यांचीं अशीं कुलपें प्राचीन ईजिप्तमध्यें होतीं. त्यांना आजचें रूप अमेरिकेंतील लायनस येल यानें १८६० च्या सुमारास दिलें. दाराला मालकाची ओळख नसते, ओळख असते ती फक्त दांत्यांची.

आतां उपाय. पहिला प्रश्न कुलपाचा नव्हे, माणसाचा विचारावा: आंत कोण आहे? मूल, आजारी मनुष्य किंवा पेटलेली शेगडी आंत असेल, तर किल्लीवाल्याच्या शोधांत एक मिनिटही न दवडतां अग्निशामक दलाला १०१ क्रमांकावर फोन करावा. ११२ हाही चालतो. आग लागली तरच त्यांना बोलवावें, हा आपला गैरसमज आहे.

मला मात्र त्या क्षणीं हें सुचलें नाहीं. मी दाराला खांदा देत होतों. शेजारच्या वहिनी धांवत आल्या व म्हणाल्या, "गुरुजी, दार सोडा. तुम्ही बाळाशीं बोलत राहा, फोन मी करतें." मी फटीला तोंड लावून काऊचिऊची गोष्ट सांगूं लागलों. पोर दाराशींच बसून राहिलें, स्वयंपाकघराकडे वळलें नाहीं. जवान आले, त्यांनीं पहारीनें खटका मोडला. डाळ कोळसा झाली होती. नातू माझा चष्मा हातांत घेऊन खेळत होता.

आंत कोणी नसेल, तर घाईचें कारण नाहीं. दार नुसतें लोटलें गेलें असेल तर काम सोपें. किल्ली फिरवून चौकोनी दांडाही पडला असेल तर अवघड. हें किल्लीवाल्याला आधींच सांगावें. तो घर कोणाचें म्हणून विचारील, तर रागावूं नये. न विचारणाराचाच संशय घ्यावा. आणि गॅलरीवरून गॅलरींत उतरण्याचें साहस कोणीही करूं नये. नवें लॅच बाजारांत मिळतें.

आपल्याच घरांत शिरण्याचा पुण्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग तुम्हांस ठाऊकच आहे. शिवाजी महाराजांचें बालपण ज्या लाल महालांत गेलें, तेथें १६६० पासून शाएस्तेखान ठाण मांडून बसला होता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं महाराज आंत शिरले, ते महाद्वारानें नव्हे. स्वयंपाकघर व जनाना यांमधील खिडकी विटामातीनें बुजविलेली होती, ती फोडून मार्ग केला, असें खाफीखानाच्या वृत्तांतांत आहे. खानाचा मुलगा मारला गेला. खानाच्या हातावर वार झाला, पण तो जिवानिशीं निसटला. मूळ महाल आज उरलेला नाहीं, पण त्या रात्रीचा बोध उरला आहे: जेथें आपण वाढलों तें घर कोठें दुबळें, हें आपणांस ठाऊक असतें. मात्र जी वाट आपणांस आंत नेते तीच चोरासही नेते. म्हणून कुंडीखालीं वा पायपुसण्याखालीं किल्ली ठेवणें म्हणजे चोराला आमंत्रण.

मग ठेवावी कोठें? विश्वासाच्या शेजाऱ्याकडे. वाड्यांत चौकापलीकडे सदैव कोणी तरी असे. फ्लॅटमध्यें तें माणूस आपणांस निवडून जोडावें लागतें. त्या दिवसापासून आमची दुसरी किल्ली वहिनींच्या घरीं आहे आणि त्यांची आमच्याकडे. लहान मूल असलेल्या घरीं दार उघडतांच लॅचची कळ अडकवून ठेवावी, हीही संवय लावून घ्यावी.

कुलूप चोरासाठीं असतें, किल्ली आपल्यासाठीं. पण दोन्ही निरुपयोगी ठरतात तेव्हां हांकेला ओ देणारें शेजारचें दारच कामास येतें. तें दार आजच ठोठावून ठेवा.