पॅनेलवरच्या कुरडया

गेल्या उन्हाळ्यात बचत गटाच्या बैठकीसाठी शेजारच्या वस्तीवर गेले होते. वाळवणाचे दिवस. एका काकूंच्या अंगणात चार विटांवर सौर पॅनेल आडवं टाकलेलं, त्यावर स्वच्छ धुतलेलं जुनं पातळ आणि पातळावर पांढऱ्याशुभ्र कुरडया! "ताई, लई झ्याक तापतंय बघा हे. एका दिवसात कडकडीत वाळतात," काकू कौतुकानं म्हणाल्या. सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, पण आतून चरकले. कारण ते पॅनेल त्या घरात माझ्यामुळे आलं होतं.

गोष्ट २०११ सालची. तेव्हा भारनियमनानं सगळ्यांना जेरीला आणलं होतं. ऐन अभ्यासाच्या वेळी वीज जायची. अशात एक कंपनी आली. घराला एक पॅनेल, एक बॅटरी, दोन दिवे. प्रत्येक घरानं फक्त हजार रुपये भरायचे, बाकीचे पैसे कुठल्याशा योजनेतून. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय असणार? मी दारोदार फिरले. चौतीस घरांनी पैसे भरले. कुणी कोंबड्या विकून, कुणी गटाच्या बचतीतून. दिवे लागले तेव्हा वस्तीवर पुरणपोळीचा बेत झाला होता.

दुसऱ्या पावसाळ्यात बॅटऱ्या बसायला लागल्या. कंपनीच्या माणसाचा फोन आधी लागायचा, मग तो उचलेना, मग नंबरच बंद झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी मी दोन हेलपाटे घातले, हाती काही लागलं नाही. बायका मला कधी टाकून बोलल्या नाहीत. फक्त एक जण एवढंच म्हणाली, "ताई, आम्ही कंपनीला कुठं ओळखत होतो? तुमच्या शब्दावर दिले होते पैसे." मैत्रिणींनो, ते वाक्य आजही माझ्या मनातून जात नाही.

माझी भाची डेन्मार्कमध्ये आरहूस शहरात शिकायला आहे. तिला फोनवर हा कुरडयांचा किस्सा सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, तू साम्सोबद्दल वाच. तुझ्या वस्तीवर नेमकं काय चुकलं ते तुला तिथं सापडेल." मग ती स्वतःच एका सुट्टीत बोटीनं तिथं जाऊन आली. तिनं फोटो पाठवले, माहिती पाठवली. मी चष्मा लावून रात्री जागून सगळं वाचून काढलं. त्यातलं जे आपल्या कामाचं वाटलं, ते आज तुम्हाला सांगते आहे.

साम्सो हे डेन्मार्कचं एक छोटंसं बेट. जेमतेम चार हजार वस्तीचं. म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं बाजारगावच म्हणा ना! बटाटे, भाज्या पिकवणारे शेतकरी आणि उन्हाळ्यात येणारे पाहुणे, यांवर तिथलं पोट. १९९७ साली डेन्मार्क सरकारनं एक स्पर्धा जाहीर केली. दहा वर्षांत स्वतःची सगळी ऊर्जा वारा, ऊन, काडीकचरा यांतून मिळवून दाखवेल असा आराखडा कुठल्या बेटाकडे आहे? साम्सोचा आराखडा पहिला आला. आता गंमत ऐका. बक्षिसाची रक्कम काहीच नव्हती! नुसताच मान. तोवर बेटावर वीज यायची ती समुद्राखालच्या केबलमधून, बरीचशी कोळशावर तयार झालेली. घरं तापवायला लागायचं तेल, तेही बाहेरून जहाजानं यायचं.

मग त्यांनी काय केलं? आधी पवनचक्की आणली नाही. आधी एक छोटं कार्यालय उघडलं. त्यात पहिला पगारी माणूस नेमला तो बेटावरचाच. सोरेन हर्मन्सन त्यांचं नाव. शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः शाळेत पर्यावरण शिकवणारा. परका इंजिनिअर येऊन भाषण ठोकता तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. हा तर गल्लीतलाच माणूस. गावात सभा कुठल्याही विषयाची असो, हर्मन्सन तिथं हजर! सभा झाली की हळूच ऊर्जेचा विषय काढायचे. पहिल्यांदा लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण जे दोन-चार जण तयार झाले, त्यांना बघून बाकीचे आले. आपल्याकडे बचत गट असाच वाढतो की नाही?

युरोपात अशा कार्यालयांना स्थानिक ऊर्जा संस्था म्हणतात. गाव-जिल्ह्याच्या पातळीवर अशा शेकडो संस्था तिथं आहेत. १९९०च्या दशकात युरोपीय संघानं त्या सुरू करायला पैशाची मदतही केली. ही संस्था म्हणजे वीज कंपनी नव्हे बरं का. ती पॅनेल विकत नाही, वीजही विकत नाही, म्हणून तिच्या सल्ल्यात लबाडी नसते. ती हिशेब मांडून देते, परवानग्यांचे कागद कसे करायचे ते सांगते, बँकेत काय बोलायचं ते समजावते, सभा घेते. आणि काम झाल्यावरही ती तिथंच असते. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटली.

साम्सोवर २००० साली एक-एक मेगावॅटच्या अकरा पवनचक्क्या जमिनीवर उभ्या राहिल्या. त्यांतल्या नऊ शेतकऱ्यांच्या आणि दोन सहकारी, शेकडो रहिवाशांनी छोटे छोटे हिस्से घेऊन उभारलेल्या. पुढे २००३पर्यंत समुद्रात आणखी दहा मोठ्या पवनचक्क्या सुरू झाल्या. त्यांतल्या पाच तेव्हा बेटाच्या नगरपालिकेच्या मालकीच्या होत्या. बेटावरच्या गाड्या आणि बोटी तर पेट्रोल-डिझेल जाळतच होत्या. त्याची भरपाई म्हणून समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज मुख्य भूमीला पाठवायची, असा त्यांचा हिशेब. शेजारच्या शेतात दुसऱ्या कुणाची पवनचक्की घरघरत असेल तर माणूस कटकट करतो. पण त्यात आपलाही हिस्सा असेल तर सकाळी उठल्यावर आधी खिडकीतून बघतो, फिरतेय ना!

घरं तापवण्याचंही तसंच. गव्हाचं काड जाळून एका ठिकाणी पाणी तापवायचं आणि ते नळानं घरोघर फिरवायचं. पण पुरेशा घरांनी आधी सह्या केल्या तरच काम सुरू होणार, हा नियम. म्हणजे कार्यालयाच्या लोकांना एकेका घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोलावंच लागलं. म्हाताऱ्या पेन्शनरांना घराची दुरुस्ती करून ऊब टिकवण्यासाठी सरकारी मदत मिळू शकत होती. ती मिळवून द्यायलाही या मंडळींनी मदत केली. आणि बेटावरच्याच प्लंबरना, वायरमनना शिकवून तयार केलं. म्हणजे बिघाड झाला तर बोटीची वाट बघायला नको, हाक मारली की माणूस हजर.

हे वाचताना मला आमची चौतीस घरं आठवत होती. आमच्याकडे ऊन साम्सोपेक्षा किती तरी जास्त! पॅनेलही काही वाईट नव्हतं. काकूंच्या अंगणात अजून तापतंयच की! नव्हतं ते हाकेच्या अंतरावरचं माणूस. बॅटरीत पाणी घालायचं हेसुद्धा कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी? मी पैसे गोळा केले, टाळ्या वाजवल्या आणि घरी आले. माझं काम तिथं संपलं असं मी समजले. खरं तर तिथंच ते सुरू व्हायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, तो डेन्मार्क, पैसेवाला देश. आपल्याला कसं जमायचं? मलाही आधी असंच वाटलं. पण डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी १८८२ साली पहिली सहकारी दूध डेअरी काढली, तेव्हापासून त्यांना एकत्र येऊन धंदा करायची सवय आहे. तशी ती आपल्यालाही आहेच की! प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं म्हणून. सभासद, भाग, सर्वसाधारण सभा हे शब्द आपल्या घराघरांत माहीत आहेत. ते आपण उसाला लावले, दुधाला लावले. उन्हाला लावायचे राहिलेत, इतकंच.

आणि वेळ लागतो, हेही खरं. आयर्लंडमध्ये टिपररी परगण्यात टेम्पलडेरी नावाचं खेडं आहे. तिथल्या तीसेक भागधारकांनी मिळून दोन पवनचक्क्या उभ्या केल्या. तिथल्या ऊर्जा संस्थेनं त्यांना साथ दिली. तरी पहिल्या बोलण्यापासून २०१२ साली पाती फिरेपर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ गेला. आपण मात्र महिन्याभरात उद्घाटनाचा नारळ फोडायला बघतो.

आपल्याकडे योजना नाहीत असं नाही. राज्याची महाऊर्जा आहे, तिची विभागीय कार्यालयं आहेत. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छपरावरच्या एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन व त्यावर ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. पॅनेल बसवणाऱ्यानं पाच वर्षं देखभाल करायची अशी अटही त्यात आहे. पण किती जणींना हे माहीत आहे? आमच्या वस्तीवर एकीचं वीजबिल अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. एकीच्या घरावर कौलं, ती भार पेलतील का कुणाला ठाऊक. एकीला अर्ज मोबाइलवर भरता येत नाही. या प्रश्नांची उत्तरं जाहिरातीत नसतात. ती समोर बसून एकेकीला द्यावी लागतात.

म्हणून दिवाळीपासून आम्ही एक छोटीशी सुरुवात केली आहे. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या एका खोलीत टेबल टाकून बसतो. मी आणि वस्तीवरचीच एक मुलगी. तिनं आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आहे. आम्ही काही विकत नाही. कुणाचं बिल बघतो, कुणाचं नाव बदलायचा अर्ज लिहून देतो, पॅनेलवाल्यानं दिलेला कागद सही करण्याआधी वाचून दाखवतो. देखभालीचं त्यानं काय लिहून दिलंय, ते आधी बघायचं, मग पैशाचं बोलायचं, हा आमचा नियम. आतापर्यंत तीन घरांवर पॅनेल बसली. तीनच! त्यांपैकी एकाचं मीटर मध्यंतरी बिघडलं, तेव्हा आमच्या मुलीनं पाठपुरावा करून ते आठ दिवसांत बदलून घेतलं. वस्तीवर त्या तीन पॅनेलपेक्षा या मीटरचीच चर्चा जास्त झाली.

मागच्या मंगळवारी त्या कुरडयावाल्या काकू आल्या. खुर्चीवर बसल्या, पिशवीतून कुरडयांची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि वीजबिल पुढं सरकवलं. म्हणाल्या, "ताई, या वेळेला बिघडलं तर कुणाला हाक मारायची, तेवढं आधी सांगा."

मी शेजारी बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं. काकूंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "ही व्हय? हिला तर मी अंगाखांद्यावर खेळवलीय," म्हणाल्या आणि पदर सावरून अर्ज भरायला बसल्या.