बडीप्रेस : चालतंय, पण कुणाच्या हातांवर?

“वर्डप्रेसच्या भांडणांवर सगळे लिहितात, त्याच्या अंगणात राहणाऱ्या बडीप्रेसचं काय चाललंय ते बघा जरा,” असं म्हणून संपादकांनी हा विषय माझ्याकडे ढकलला. मी आधी टाळाटाळ केली. एका प्लगइनवर लेख लिहायचा म्हणजे वाचकाला काय सांगायचं? मग त्याचा कोड उघडून बसलो आणि त्यातल्या एका फाइलपाशी अडकलो ते अडकलोच. पण त्या फाइलकडे जाण्याआधी थोडी ओळख करून द्यायला हवी.

वर्डप्रेसवर चालणारं साधं संकेतस्थळ असतं, त्याला बडीप्रेस जोडलं की तिथे माणसं राहायला येऊ शकतात. प्रत्येक सभासदाचं स्वतःचं पान, मैत्रीच्या विनंत्या, गट, खाजगी निरोप, सूचना आणि कोण काय करतंय याची वाहती नोंद, सगळं तयार मिळतं. फेसबुकात जे असतं त्यातलं बरंचसं, फक्त ते तुमच्या सर्व्हरवर आणि तुमच्या नियमांनी. पैसे लागत नाहीत. परवाना जीपीएल, म्हणजे कोड वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणाला विचारायला नको.

याची किंमत मराठी माणसाला निराळी समजावायची गरज नसावी. ऑर्कुटवर आपले किती समूह होते! गावांचे, शाळांचे, गडकिल्ल्यांचे, कवितांचे. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ऑर्कुट बंद केलं. पुढे एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लसही गेलं. त्याआधी २०१० मध्ये निंग या कंपनीने फुकटची सोय काढून घेतली तेव्हा जगभरच्या छोट्या समूहांना बिऱ्हाड हलवावं लागलं होतं. उलट १९९६ पासूनची मायबोली अजून आहे. मायबोली काय किंवा मिसळपाव काय, दोन्ही द्रुपल या मुक्तस्रोत प्रणालीवर उभी राहिली. जागा स्वतःची असली की मालकाच्या लहरीवर गाशा गुंडाळावा लागत नाही. द्रुपल ज्यांना झेपत नाही आणि वर्डप्रेस हाताखालचं आहे, त्यांच्यासाठी ही सोय बडीप्रेसने केली.

इतिहास फार लांबवत नाही. अँडी पीटलिंग नावाच्या प्रोग्रॅमरने कॉलेजातल्या मुलींसाठीचं एक सोशल संकेतस्थळ वर्डप्रेसच्या बहुस्थळी आवृत्तीवर बांधलं होतं. त्यातलं जे कुणालाही वापरता येईल ते त्याने वेगळं काढलं. २००८ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने त्याला कामावर घेतलं आणि एप्रिल २००९ मध्ये बडीप्रेस १.० बाहेर पडलं. २०१० च्या सुरुवातीला आलेल्या १.२ पासून ते साध्या, एकट्या वर्डप्रेसवरही चालू लागलं. वर्डप्रेसच्या आवृत्त्यांना जॅझ वादक-गायकांची नावं असतात, बडीप्रेसच्या आवृत्त्यांना पिझ्झाच्या दुकानांची. यावरून या मंडळींचा स्वभाव कळावा. पीटलिंग पुढे कंपनीतल्या दुसऱ्या कामांकडे वळला आणि धुरा जॉन जेम्स जेकोबी, बून गॉर्जेस, पॉल गिब्ज अशा लोकांकडे आली.

यातल्या गॉर्जेसचं काम मला विशेष वाटतं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००९ मध्ये आपल्या सगळ्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांसाठी ‘अकॅडेमिक कॉमन्स’ सुरू केलं ते बडीप्रेसवर, आणि त्याच्या बांधणीत गॉर्जेस होता. हा अनुभव इतर विद्यापीठांनाही आयता मिळावा म्हणून तिथल्या चमूने स्लोन फाउंडेशनच्या मदतीने २०१२ मध्ये ‘कॉमन्स इन अ बॉक्स’ हा संच काढला. अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने २०१३ च्या जानेवारीत आपल्या सभासदांसाठी त्यावरच संकेतस्थळ उभारलं. वर्डप्रेसला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाचं वर्डप्रेस डॉट ऑर्गवर जे ओळखपान असतं, तेही बडीप्रेसच चालवतं.

आता ती फाइल. तिचं नाव कॅचयूआरआय, काम पत्ता ओळखण्याचं.

वर्डप्रेसला पत्ता ओळखायची स्वतःची पद्धत आहे. त्याच्याकडे नमुन्यांची एक यादी असते. आलेला पत्ता यादीतल्या नमुन्याशी जुळला की कुठला लेख, कुठलं पान, कुठला महिना हे ठरतं आणि मग डेटाबेसातून तो लेख काढला जातो. बडीप्रेसची अडचण अशी की त्याची बहुतेक पानं डेटाबेसात पान म्हणून नसतातच. ‘आशाकडे आलेल्या मैत्रीच्या विनंत्या’ असं पान कुणी लिहून ठेवलेलं नाही, ते मागितल्यावर तयार होतं. सुरुवातीच्या काळात यावर सरळसोट तोडगा निघाला. वर्डप्रेसच्या यादीच्या भानगडीत पडायचं नाही. पत्ता आला की तिरक्या रेघांपाशी त्याचे तुकडे करायचे. ‘मेंबर्स’ म्हणजे सभासद, ‘आशा’ म्हणजे कोण ते, ‘फ्रेंड्स’ म्हणजे घटक, ‘रिक्वेस्ट्स’ म्हणजे कृती, आणि त्यापुढे काही उरलं तर ते पोटतपशील. हे तुकडे एका जागतिक चलात ठेवून द्यायचे, म्हणजे बाकीच्या कोडला हवं तेव्हा तिथे डोकावता येतं.

जुन्या सोसायटीच्या वॉचमनसारखा हा प्रकार. इमारतीत कुणाचं काय चाललंय हे रजिस्टरात नाही, त्याच्या डोक्यात आहे. पाहुणा फाटकाशी आला की लगेच सांगतो, दुसरा मजला, डावीकडे. सगळ्यांना त्याची सवय झालेली, आणि तो गेला तर काय, हा प्रश्न पुढे ढकललेला.

किंमत मात्र मोजावी लागत होती. वर्डप्रेसच्या साध्या, प्रश्नचिन्हवाल्या पत्त्यांवर बडीप्रेस चालतच नसे. पत्त्यात ‘फ्रेंड्स’ऐवजी ‘मित्र’ हवं असेल तर कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये शिरून स्थिरांक लिहावे लागत, जे संस्थेचं संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षकाला किंवा ग्रंथपालाला जमण्यातलं नव्हतं. वर्डप्रेस पुढे जात राहिलं, त्याची पत्त्याची यंत्रणा सुधारत गेली, आणि बडीप्रेस आपलं तुकडे मोजत बसलं. बदलायला हवं हे सगळ्यांना कळत होतं. पण त्या जागतिक चलावर शेकडो पूरक प्लगइन्स आणि थीम्स विसंबून होती. एक वीट काढायची म्हणजे कुणाकुणाच्या भिंती हलणार, याचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

हे काम अंगावर घेतलं माथ्यू व्हिए या फ्रेंच डेव्हलपरने. त्याने मुख्य कोडला हात न लावता आधी ‘बीपी रीराइट्स’ नावाचं वेगळं प्लगइन केलं, ते लोकांना वापरायला दिलं, काय मोडतंय ते पाहिलं, आणि मग ते काम १२.० या आवृत्तीत आणलं. ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. म्हणजे १.० पासून मोजलं तर तो जुना वॉचमन साडेचौदा वर्षं फाटकावर होता.

बदल वरून छोटा दिसतो. पत्ता आता वर्डप्रेसच्या यादीतूनच ओळखला जातो, आणि पत्त्यातले शब्द सेटिंगच्या पडद्यावर बदलता येतात. खरी गंमत वेळेत आहे. जुन्या पद्धतीत आपण कुठल्या पानावर आहोत हे बडीप्रेसला अगदी लवकर कळे. नव्या पद्धतीत वर्डप्रेस आपली यादी वाचून होईपर्यंत थांबावं लागतं. त्याआधीच एखाद्या पूरक प्लगइनने “हे सभासदाचं पान आहे का?” असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. प्रश्न बरोबर, उत्तरही त्या क्षणापुरतं बरोबर, आणि तरी सभासदाच्या पानावरचा मेनू गायब! पंधरा वर्षं लोकांनी हा प्रश्न हवा तेव्हा विचारला होता.

म्हणून १२.० बरोबर ‘बीपी क्लासिक’ नावाचं आणखी एक प्लगइन देण्यात आलं. ते लावलं की जुनी पत्तापद्धत, जुनी विजेट्स, अगदी जुनी थीमसुद्धा परत मिळते. ज्यांच्या थीमचा किंवा पूरक प्लगइनचा कर्ता कधीच गायब झालाय, त्यांना श्वास घ्यायला जागा. सॉफ्टवेअरच्या जगात इतकी सभ्यता मी फारशी पाहिलेली नाही. कंपन्या जुनं बंद करतात तेव्हा तारीख कळवतात आणि मोकळ्या होतात.

काळजी इथूनच सुरू होते. एवढं नाजूक काम पुरं झालं ते दोन-चार लोकांच्या जिवावर. आवृत्त्यांच्या श्रेयनामावल्या चाळल्या तर खाली नावं पुष्कळ दिसतात, पण कोड आत घेण्याचा अधिकार असलेली आणि वर्षानुवर्षं टिकलेली नावं मोजकीच. बहुतेक स्वयंसेवक, पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी हे करणारे. २०१३ च्या अखेरीस जेकोबीने बडीप्रेस आणि त्याच्या भावंड-प्रकल्पांवर पूर्णवेळ काम करता यावं म्हणून लोकवर्गणी मागितली होती. लोकांनी दिलीही. पण वर्गणीवर काही महिने निघतात, वर्षं नाहीत.

पैसा या क्षेत्रात नाही असं नाही. तो दुसरीकडे जातो. २०१९ मध्ये बडीबॉस या कंपनीने बडीप्रेस आणि चर्चामंचाचं प्लगइन बीबीप्रेस यांचा कोड घेऊन, दोन्ही एकत्र करून स्वतःचा प्लॅटफॉर्म काढला. जीपीएलमध्ये याला पूर्ण मुभा आहे, त्यात गैर काही नाही. त्यांनी ते देखणं केलं, त्याभोवती विक्रीचा व्यवसाय उभा केला. ज्याला तयार आणि गुळगुळीत हवं तो तिकडे वळला. परिणाम असा की पूरक प्लगइन लिहिणाऱ्याला आता दोन घरांशी जमवून घ्यावं लागतं, आणि पैसे देणारं गिऱ्हाईक ज्या घरात आहे त्याच्याकडे तो आधी बघतो. मूळ घरात दुरुस्ती करणारे कमी होतात ते असे.

दुसरी गोष्ट फोटोंची. सोशल संकेतस्थळावर माणूस पहिल्या दिवशी काय करतो? फोटो टाकतो. बडीप्रेसच्या गाभ्यात मात्र ओळखचित्र आणि वरचं मोठं चित्र सोडलं तर अल्बमची सोय कधी आलीच नाही. ती उणीव भरून काढली पुण्याच्या आरटीकॅम्पने. आधी ‘बडीप्रेस मीडिया’ या नावाने आणि मग ‘आरटीमीडिया’ म्हणून त्यांचं प्लगइन जगभर वापरलं गेलं. आपल्या गावच्या कंपनीचं कौतुक आहेच. पण इतकी मूलभूत गरज बाहेरच्या कुणाच्या सवडीवर राहणं बरं नव्हे.

तिसरी अडचण वर्डप्रेसच्या वेगाची. वर्डप्रेस ब्लॉक्सच्या, म्हणजे पान सुट्या ठोकळ्यांनी रचण्याच्या दिशेने गेलं, थीम्सही ब्लॉक्सच्या झाल्या. बडीप्रेसची पानं अजून मुख्यतः जुन्या पीएचपी साच्यांवर चालतात आणि थीमला ‘हे साधं पान आहे’ असं भासवून आत शिरतात. २०१३ च्या १.७ मधली ही युक्ती तेव्हा वरदान होती, कारण त्याआधी खास बडीप्रेससाठी केलेली थीम लागायची. आज तीच युक्ती अपुरी पडते.

१४.० जुलै २०२४ मध्ये आली. (१३ हा आकडा गाळून टाकला. पिझ्झाची नावं ठेवणाऱ्यांनी तेराला भ्यावं!) त्यानंतरच्या वर्षभरात आल्या त्या छोट्या दुरुस्त्याच. याच काळात अंगणातलं मोठं भांडण पेटलं. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचा सहसंस्थापक आणि ऑटोमॅटिकचा प्रमुख मॅट मुलेनवेग आणि वर्डप्रेस संकेतस्थळांना होस्टिंग पुरवणारी डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यात जुंपली, प्रकरण न्यायालयात गेलं. डिसेंबरात वर्डप्रेस डॉट ऑर्गवरची नवी खाती, नव्या प्लगइन्सची तपासणी अशा काही सेवा सुट्टीच्या नावाखाली थांबवल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये ऑटोमॅटिकने वर्डप्रेससाठी देत असलेले आपले तास आठवड्याला फक्त ४५ वर आणत असल्याचं जाहीर केलं, आणि मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा परतत असल्याचं. या भांडणात बडीप्रेसचं नाव कुठे नव्हतं. पण त्याच्या तक्रारींची नोंदवही, कोडचा साठा, भाषांतरं, वितरण सगळं त्याच आवारात आहे. तिथे मालक आणि मोठा भाडेकरू भांडत असताना फुकट राबणाऱ्याचं मन लागेल कसं?

“बडीप्रेस संपलं का?” हा प्रश्न या वर्तुळात इतक्या वर्षांपासून विचारला जातोय की जुनी मंडळी त्याला हसतात. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. कोड खुला आहे, वर्डप्रेस डॉट ऑर्गची स्वतःची ओळखपानं त्यावर आहेत, विद्यापीठं त्यावर आहेत. ते एका सकाळी ऑर्कुटसारखं बंद होणार नाही. माझी भीती निराळी आहे. या प्लगइनच्या पोटात लोकांचे खाजगी निरोप असतात, डेटाबेसात साध्या मजकुरात ठेवलेले. उद्या त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं तर ते बुजवायला त्या रात्री कोण जागं असेल? आणि तो माणूस थकून बाजूला झाला असेल तर त्याच्या जागी कोण? पत्त्याच्या यंत्रणेला साडेचौदा वर्षं लागली तरी चाललं. भगदाडाला तासही जड जातात.

मुलेनवेगनेच २०१४ मध्ये कल्पना मांडली होती की वर्डप्रेसवर कमावणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मनुष्यबळाचा ५ टक्के भाग मूळ प्रकल्पाला द्यावा. बडीप्रेसच्या थीम्स आणि पूरक प्लगइन्स विकणाऱ्या कंपन्या भारतातही आहेत. त्यांनी एका डेव्हलपरचा आठवड्यातला एक दिवस इकडे दिला तरी चित्र बदलेल. आणि वाचकहो, तुमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं, ग्रंथालयाचं किंवा मंडळाचं संकेतस्थळ बडीप्रेसवर चालत असेल तर तीन कामं या महिन्यात करा. आवृत्ती अद्ययावत आहे का बघा, बीपी क्लासिकच्या आधाराशिवाय संकेतस्थळ चालतं का ते चाचणीच्या प्रतीवर तपासा, आणि जे मोडलेलं दिसेल ते प्रकल्पाच्या नोंदवहीत रीतसर कळवा. कोड येत नसेल तर मराठी भाषांतराला हात लावा, त्यासाठी वर्डप्रेस डॉट ऑर्गचं एक मोफत खातं पुरतं.