शेतीच्या तासातून उभी राहणारी विद्यार्थी संघटना

अमेरिकेतील ज्या माध्यमिक शाळांमध्ये शेती हा विषय शिकविला जातो, तेथे निळ्या कॉर्डरॉयचे जाकीट घातलेले विद्यार्थी हमखास दिसतात. ते ‘नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन’ या संघटनेचे सभासद असतात. व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्या देशात अशा अनेक संघटना आहेत. कुशल कारागिरीच्या अभ्यासक्रमांसाठी स्किल्सयूएसए, विपणनासाठी डेका आणि आरोग्यसेवेसाठी होसा या त्यांपैकी काही. एफएफए ही १९२८ मध्ये कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली. २०२४ मध्ये तिची सभासदसंख्या दहा लाखांवर गेली.

या संघटनेची शाखा शाळेत कशी सुरू होते, हे पाहताना आपल्याकडील राष्ट्रीय सेवा योजनेचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून चालत नाही. सेवा योजनेत महाविद्यालयाच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी नाव नोंदवू शकतो. एफएफएच्या शाखेसाठी मात्र आधी शेतीचा वर्ग लागतो. शेतीचे शिक्षण तीन भागांचे मानले जाते : वर्ग व प्रयोगशाळेतील अध्यापन, विद्यार्थ्याने स्वतः चालविलेला शेतीविषयक प्रकल्प आणि संघटनेचे काम. हे तिन्ही मिळून एकच अभ्यासक्रम, अशी त्यामागील भूमिका आहे. त्यामुळे शेतीचा शिक्षक हाच शाखेचा मार्गदर्शक असतो आणि हे काम त्याच्या अध्यापनाचाच भाग समजले जाते.

१९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यामुळे शाळांतील शेती शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. अनेक राज्यांत शेतीशाळांतील मुलांची मंडळे निघाली. व्हर्जिनियातील अशाच एका मंडळाचा नमुना समोर ठेवून राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९५० मध्ये अमेरिकी संसदेने तिला स्वतंत्र कायद्याने सनद दिली.

नव्या शाखेला सनद राज्याच्या संघटनेकडून मिळते. शाळा प्रशासनाची संमती घ्यावयाची, विद्यार्थ्यांनी घटना व पोटनियम मंजूर करावयाचे, पदाधिकारी निवडावयाचे, वर्षाची कार्ययोजना आखावयाची आणि सभासदांची यादी वर्गणीसह पाठवावयाची. कागदोपत्री काम एवढेच. कार्ययोजनेत नेतृत्व घडविणे, समाजाची उभारणी आणि शेतीचे बळकटीकरण अशा तीन दिशांनी कामे मांडावी लागतात. प्रौढ शिक्षकाने योजना लिहून मुलांपुढे ठेवली, तर शाखा कागदावर उभी राहील; परंतु सभा चालविणे, हिशेब ठेवणे, मतभेद असताना निर्णय घेणे ही शिकवण वाया जाईल.

म्हणूनच सभेच्या शिस्तीला येथे विलक्षण महत्त्व आहे. अध्यक्षाच्या हातात लाकडी हातोडी असते. दोन ठोके पडले की सभा सुरू, तीन ठोक्यांना सर्वांनी उभे राहावयाचे आणि एका ठोक्याला बसावयाचे. प्रत्येक पदाधिकाऱ्याची जागाही ठरलेली असते. अध्यक्ष उगवत्या सूर्याखाली, उपाध्यक्ष नांगराजवळ, सचिव मक्याच्या कणसाजवळ, खजिनदार जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या चिन्हापाशी, वृत्तांत देणारा ध्वजापाशी, तर द्वारपाल दाराशी. मार्गदर्शक शिक्षकाची जागा घुबडाच्या चिन्हाशेजारी असते. घुबड म्हटले की आपल्याकडे अपशकुन आठवतो. तेथे ते ज्ञानाचे प्रतीक आहे. सभाशास्त्राच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. प्रस्ताव मांडणे, दुरुस्ती सुचविणे, मतास टाकणे यांचा सराव पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना होतो. उद्या सहकारी संस्थेच्या किंवा शाळा मंडळाच्या बैठकीत बसण्याची वेळ आली, तर याचा उपयोग उघड आहे.

नवागत सभासदाला ‘ग्रीनहँड’ म्हणतात. शेतकामात हात अजून कच्चे असलेला, असा त्याचा भाव. तो पहिल्या पदवीच्या कांस्य बिल्ल्यापासून सुरुवात करतो. पुढच्या पदव्या मिळवायच्या तर स्वतःच्या प्रकल्पाची नोंदवही अद्ययावत ठेवावी लागते. कोणी वासरू वाढवितो, कोणी रोपवाटिका चालवितो, कोणी शेजारच्या शेतावर मजुरी करून तासांची नोंद ठेवतो. घरची जमीन नसलेल्या शहरी मुलांसाठी ही मोकळीक महत्त्वाची ठरते.

पैशाचा प्रश्न मात्र टळत नाही. राष्ट्रीय वर्गणी थोडी असली तरी राज्याची वर्गणी, जाकीट, प्रवास, अधिवेशन असा खर्च वाढत जातो. पुष्कळ शाखा हिवाळ्यात संत्री व द्राक्षफळांच्या पेट्या विकून निधी उभारतात. याखेरीज शाळेने एकरकमी शुल्क भरून शेतीच्या वर्गातील सर्वच विद्यार्थ्यांना सभासद करून घेण्याची पद्धतही आहे. नव्या शाखेने हीच पद्धत स्वीकारावी, असे वाटते. वर्गणी वैयक्तिक ठेवली की गरीब घरचे मूल त्याच वर्गात शिकूनही संघटनेबाहेर राहते.

कोण आत आणि कोण बाहेर, हा प्रश्न या संघटनेच्या इतिहासात फार जड आहे. वंशभेदाच्या काळात दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही निराळी संघटना होती. १९३५ मध्ये टस्कीगी येथे तिला राष्ट्रीय रूप आले. १९६५ मध्ये ती एफएफएत विलीन करण्यात आली, तेव्हा तिचे सुमारे ५० हजार सभासद होते. विलीनीकरणानंतर नाव, बोधचिन्ह आणि निळे जाकीट एफएफएचेच राहिले. दुसऱ्या संघटनेचे काळे-सोनेरी जाकीट इतिहासजमा झाले. मुलींना राष्ट्रीय पातळीवर सभासदत्व १९६९ मध्ये मिळाले. आज सभासदांत त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे.

भारतात २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे मुले जातील. परंतु मुलांनी स्वतः सभा घेऊन ते काम पुढे चालवावे, असा भाग त्या दहा दिवसांत सामावणे कठीण आहे.

अमेरिकेतही सारे सुरळीत नाही. शेतीच्या शिक्षकांची चणचण ही तेथील जुनी तक्रार आहे. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना भेटी द्याव्या लागत असल्याने अनेक ठिकाणी त्यांचा करार नेहमीच्या शालेय वर्षापेक्षा लांब असतो. शिक्षक सोडून गेला आणि जागा भरली गेली नाही, तर शेतीचा वर्ग बंद पडतो आणि त्याबरोबर शाखाही. म्हणून नवी शाखा काढू पाहणाऱ्या शाळेने सनदेचा अर्ज भरण्यापूर्वी शिक्षकाची जागा किती वर्षांसाठी मंजूर आहे, हे विचारून घ्यावे.