चिखल्याचा कारभार : मुकद्दमापासून ग्रामसभेपर्यंत

स्थानिक स्वराज्य हा शब्द पुस्तकांत वाचतांना फार मोठा वाटतो. परंतु त्याचा विषय अगदीं घरगुती आहे. विहिरीचें पाणी स्वच्छ कोणीं राखावें, रस्त्यावरील चिखल कोणीं काढावा, शाळेचें छप्पर पावसाळ्यापूर्वीं कोणीं शाकारावें, आणि ह्या सर्वांस पैसा कोठून आणावा, ह्याच प्रश्नांचीं उत्तरें म्हणजे स्थानिक स्वराज्य. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील चिखला हें गांव मँगनीजच्या खाणीमुळें प्रसिद्ध आहे. अशा गांवांत हीं उत्तरें देण्याचा अधिकार कोणाच्या हातून कोणाच्या हातीं आला, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

१८५३ सालीं नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले व त्यांचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. पुढें गांवोगांवच्या मालगुजारांस जमिनीची मालकी देण्यांत आली. मालगुजार सरकारचा सारा भरी. गांवची व्यवस्था मुकद्दम पाही, व हा मुकद्दम बहुधा मालगुजार स्वतः किंवा त्याचाच मनुष्य असे. गुरें चारणें, सरपण आणणें इत्यादि रयतेच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नांवाच्या दप्तरांत नमूद असत. म्हणजे रयतेस वहिवाट होती. कारभारांत मत मात्र नव्हतें.

मोठ्या गांवांची स्थिति थोडी निराळी होती. भंडारा, तुमसर व पवनी येथें १८६७ सालींच म्युनिसिपालिट्या झाल्या. पुढें १८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन ह्यांचा प्रसिद्ध ठराव झाला, आणि त्यास अनुसरून १८८३ सालीं मध्यप्रांतास स्थानिक स्वराज्याचा कायदा मिळाला. तहसिलीस लोकल बोर्ड व जिल्ह्यास डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी रचना झाली. परंतु खेड्यांच्या वतीनें बोर्डावर कोण जाई? मुकद्दमांनीं आपणांतून निवडलेला मुकद्दमच! कुळास व मजुरास कोणी विचारीत नसे. इंग्लंडांतील खेड्यांस तरी लोकनियुक्त पॅरिश कौन्सिलें १८९४ च्या कायद्यानेंच मिळालीं, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मध्यप्रांतांत १९२० सालीं व पुन्हां १९४६ सालीं ग्रामपंचायतींचे कायदे झाले. १९४८ सालीं प्रत्येक तहसिलीस जनपदसभा देण्यांत आली. १९५१ सालीं मालगुजारी संपली. १९५६ सालीं हा मुलूख मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १ मे १९६२ पासून जनपदांच्या जागीं जिल्हापरिषद व पंचायतसमिति कारभार पाहूं लागल्या. १९९३ सालीं अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पंचायतींस घटनेचा आधार मिळाला व स्त्रियांस एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यांत आल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या.

आतां पंचायतीचे सदस्य निवडणारे व ग्रामसभेचे सभासद एकच : गांवच्या मतदारयादींतील सर्व स्त्रीपुरुष. ज्याच्या पणज्यास मुकद्दमाच्या दारीं उभें राहावें लागे, त्यास आज जमाखर्चाचा जाब विचारतां येतो. खाणीच्या गांवांस तर ह्याची विशेष गरज आहे. खनिजाचा कारभार केंद्र व राज्य सरकारांकडे असतो. तो गांवाच्या हातचा नव्हे. परंतु २०१५ सालच्या कायद्यानें खाणींची झळ पोंचलेल्या लोकांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठानें निघालीं, व त्यांच्या निधींतून पाणी, आरोग्य व शिक्षण ह्यांवर खर्च व्हावा असें ठरलें. आपली विहीर आटली कीं गढूळ झाली, हें गांवानेंच एकमतानें व वेळेवर सांगितलें नाहीं, तर दूरच्या कचेरीस तें कसें कळावें?

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षें पूर्ण होतांच तुम्हीही मतदार व्हाल. अधिकार मुकद्दमाच्या वाड्यांतून ग्रामसभेच्या पारावर येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तो गमावण्यास मात्र कायदा बदलावा लागत नाहीं. सभेच्या दिवशीं सारे घरीं बसले, कीं नवा मुकद्दम आपोआप तयार होतो. म्हणून सभेस जावें, हिशेब वाचून पाहावा, आणि न समजेल तें निर्भयपणें पण सौजन्यानें विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.